लाल शाई आणि चौकटींचा कागद

परवा रविवारी सकाळी नातीचा फोन आला. ती अमेरिकेत सातवीत शिकते. मराठी बोलते छान, फक्त मध्ये मध्ये अडली की इंग्रजीचा टेकू घेते. म्हणाली, "आजी, मला निबंधात 'व्हॉइस'मध्ये चारपैकी दोन मिळाले. रुब्रिकमध्ये लिहिलंय की आवाज दिसत नाही. आवाज कसा दिसणार?"

मी म्हटलं, "आधी मला तो कागद दाखव."

तिने फोटो पाठवला. चौकटी चौकटींचा कागद. डाव्या बाजूला खाली खाली नावं: विचार, मांडणी, आवाज, शब्द, वाक्यं, शुद्धलेखन. वर आडवे आकडे चार ते एक. प्रत्येक चौकटीत बारीक अक्षरात लिहिलेलं, की चार हवे असतील तर लेखन कसं असावं, तीनला काय कमी, दोनला काय कमी. हा कागद निबंध लिहायच्या आधीच मुलांच्या हातात देतात म्हणे.

"तुमच्या वेळी रुब्रिक होतं का गं?" नातीने विचारलं.

"आमच्याकडे लाल पेन होतं," मी म्हटलं, आणि दोघी हसलो. पण फोन ठेवल्यावर एक जुनी गोष्ट आठवली आणि दिवसभर काही ती डोक्यातून जाईना. म्हणून आज हे लिहायला बसले आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी शब्दाची गंमत. रुब्रिक हा शब्द मुळात लालच आहे! लॅटिनमध्ये 'रुब्रिका' म्हणजे तांबडी माती, आपला गेरू. युरोपात हस्तलिखित पोथ्यांमध्ये मजकूर काळ्या शाईने आणि मथळे, सूचना लाल शाईने लिहीत. त्या लाल मथळ्याला रुब्रिक म्हणू लागले. आपल्याकडेही तेच. जुन्या पोथ्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आठवेल, अध्यायाची समाप्ती, ओव्यांचे आकडे, दंड हे हिंगुळाच्या लाल रंगात असत. आणि चुकलेलं अक्षर? त्यावर पिवळी हरताळ लावत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. म्हणजे पोथीत लाल रंग वाट दाखवायला होता आणि पिवळा चूक झाकायला. आम्ही शिक्षकांनी लाल रंग उचलला आणि त्याला हरतालाचं काम दिलं!

आता ती गोष्ट. साल १९८६. मी तेव्हा माणदेशातल्या एका हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवत होते. सहामाहीचे पेपर तपासायला घरी आणलेले. दोन तुकड्यांचे मिळून सव्वाशे गठ्ठ्यात, घरात दोन लहान मुलं, आणि रात्री साडेनऊला हमखास जाणारी वीज. निबंध दहा गुणांचा, विषय 'माझे गाव'. नववीतल्या एका मुलीने लिहिलं होतं (आठवणीतून देते आहे, पण पहिली वाक्यं पक्की लक्षात आहेत): "दिवाळी झाली की आमचं गाव उठून चालाय लागतं. मागं ऱ्हात्यात म्हातारी माणसं, कुत्री आन् आमी शाळंची पोरं."

मेंढपाळांची वस्ती होती तिची. दिवाळीनंतर माणसं मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी बाहेर पडत, ती पावसाळ्याच्या तोंडावर परतत. मुलगी आजीजवळ राहून शिकायची. निबंधात ना नदी, ना हिरवी शेतं, ना 'असे आहे माझे सुंदर गाव' असा शेवट. मी लाल पेनने 'चालाय'खाली रेघ मारली, 'ऱ्हात्यात'खाली मारली, 'शाळंची'खाली मारली. खाली शेरा लिहिला, 'भाषा अशुद्ध. विषयाला धरून नाही.' दहापैकी चार.

डिसेंबरात शाळेच्या हस्तलिखितासाठी लेख मागवले. मुख्याध्यापकांची शिस्त अशी की नाव लेखावर घालायचं नाही, फक्त क्रमांक. पहिल्या लेखाला बक्षीस. निवड माझ्याकडे. त्या ढिगात मला एक लेख सापडला आणि मी खुर्चीत ताठ बसले. दोन वेळा वाचला. शिक्षकखोलीत मोठ्याने वाचून दाखवला. पहिला क्रमांक दिला आणि सुवाच्य अक्षराच्या मुलाला बजावून सांगितलं, "भाषा आहे तशीच उतरव. एक काना-मात्रा बदलू नकोस."

तुमच्या लक्षात आलंच असेल. तोच निबंध. शब्दाला शब्द तोच. आजीला वाचून दाखवला तेव्हा आजीला आवडला, म्हणून तिने उत्तरपत्रिकेवरून उतरवून दिला होता. मला तीन महिन्यांत ओळखूही आला नाही.

बक्षीस जाहीर झाल्यावर ती माझ्याकडे आली. हातात दोन्ही कागद. रागाने नाही, खरोखर कळत नव्हतं म्हणून तिने विचारलं, "बाई, यातलं खरं कुठलं?"

मी काय सांगितलं असेल? "परीक्षेचं वेगळं असतं बाळ, हस्तलिखिताचं वेगळं."

त्यावर ती म्हणाली, "मग परीक्षेत कसं लिव्हायचं ते आदी सांगा की."

इतकी साधी मागणी. आणि ती बारा वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे पहिल्यांदाच कुणी केली होती.

मला त्या वेळी वाटलं, की हा माझा एकटीचा नाकर्तेपणा. दमले होते, दिवे गेले होते, म्हणून झालं. पुढे हळूहळू वाचनात येत गेलं आणि निवृत्तीनंतर मुलाने कॉम्प्युटर शिकवल्यावर आणखी सापडलं, की या दुखण्याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. आणि हे दुखणं मोजणारी माणसं शिक्षकांना शिव्या देणारी नव्हती, शांतपणे हिशेब मांडणारी होती.

इंग्लंडात फ्रान्सिस एजवर्थ नावाचा अर्थशास्त्रज्ञ होता. त्याने १८८८ आणि १८९० साली परीक्षांच्या गुणांवर लेख लिहिले. त्याच्या नजरेसमोर ज्या स्पर्धापरीक्षा होत्या त्यांत हिंदुस्थानच्या सनदी नोकरीची परीक्षाही होती. त्याने दाखवलं, की लॅटिन गद्याचा एकच उतारा २८ जाणकार परीक्षकांनी तपासला तर शंभरपैकी ४५ पासून थेट १०० पर्यंत गुण पडतात. तो म्हणे, खरे गुण म्हणजे अशा पुष्कळ सारख्याच जाणकार परीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी. एकट्या परीक्षकाचे गुण त्या खऱ्या गुणांभोवती हेलकावे खाणार, जसं एकच अंतर दहा वेळा मोजलं तर दहा वेळा थोडं वेगळं भरतं. परीक्षेत नशिबाचा वाटा किती, हे त्याला आकड्यात सांगायचं होतं.

मग अमेरिकेत १९१२ साली डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या दोघांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या हुबेहूब प्रती काढून दोनशे शाळांना पाठवल्या. १४२ शिक्षकांचे गुण हिशेबात धरता आले. एका पेपरला कुणी ५० दिले होते, तर कुणी नव्वदीच्या वर. लोक म्हणाले, भाषेचं असंच असायचं, गणितात असं होणार नाही. त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीचा पेपर पाठवला. तिथे तर २८ पासून नव्वदीच्या वरपर्यंत! पायऱ्यांना किती द्यायचे, आकृती गबाळी असेल तर कापायचे का, यावरच एकमत नव्हतं.

पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो फिलिप हार्टोग. हे नाव आम्हाला बी. एड. ला होतं. १९२९ ची हार्टोग समिती, प्राथमिक शिक्षणातली गळती आणि स्थगन, पाच गुणांची टीप! तोच हा हार्टोग. ढाका विद्यापीठाचा पहिला कुलगुरू. हिंदुस्थानातून परत गेल्यावर त्याने ऱ्होड्स नावाच्या संख्याशास्त्रज्ञाबरोबर परीक्षांचीच परीक्षा घेतली आणि १९३५ साली ती छापली. हे मात्र आम्हाला टिपेत कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी शालान्त परीक्षेच्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका निवडल्या. मुद्दाम अशा, की सगळ्यांना मूळ परीक्षेत एकच मध्यम गुण मिळाले होते. त्या १५ परीक्षकांना दिल्या. सारख्याच ठरलेल्या त्या पत्रिकांना मिळून चाळिसाहून अधिक निरनिराळे गुण पडले. पुढे वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका त्यांतल्याच १४ परीक्षकांना पुन्हा दिल्या. १४ गुणिले १५ म्हणजे २१० निकाल. त्यांपैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच निकाल बदलला. नापास, पास आणि वरचा वर्ग यांत उलटापालट!

हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. म्हणजे माझं ४ आणि पहिला क्रमांक हे काही जगावेगळं नव्हतं. थोडं हलकं वाटलं. पण लगेच वाटलं, की हलकं वाटायचा हक्क मला नाही. ९२ हा आकडा कागदावर आहे, माझ्यासमोर ती दोन कागद घेऊन उभी होती.

उपाय शोधणारेही होतेच. अमेरिकेत थॉर्नडाइकने १९१० मध्ये हस्ताक्षराची मोजपट्टी केली आणि १९१२ मध्ये हिलेगासने निबंधाची. त्यांची युक्ती मजेशीर होती. चांगल्या निबंधाचं वर्णन करत बसायचं नाही. अगदी वाईटापासून उत्तमापर्यंत खरे नमुनेच क्रमाने लावून ठेवायचे. मुलाचा निबंध आला की तो कुठल्या नमुन्याशेजारी बसतो ते पाहायचं. सोनार कस लावतो तसं.

नंतर १९६१ साली डीडरिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ३०० निबंध ५३ वाचकांना दिले. वाचक तरी कसे? प्राध्यापक, लेखक, संपादक, वकील, व्यावसायिक. सूचना काहीच नाहीत, फक्त नऊ ढीग करा म्हणाले. ३०० पैकी १०१ निबंधांना नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या. म्हणजे कुणाच्या ढिगात पहिला, कुणाच्या ढिगात शेवटचा. पण त्यांनी पुढे जाऊन बघितलं, की माणसं भांडतात ती कशावरून. तर त्यात पाच गट निघाले. कुणी विचार बघतं, कुणी मांडणी, कुणी शुद्धलेखन आणि व्याकरण, कुणी शब्द, आणि कुणी लेखनातला खास स्वाद. प्रत्येकजण प्रामाणिकच होता, पण प्रत्येकाच्या हातात वेगळा तराजू. मग तराजू वेगवेगळे मांडा, प्रत्येकावर काय तोलणार ते आधी सांगा, असा विचार रुजत गेला. १९८० च्या दशकात ओरेगन राज्यातल्या बीव्हरटन इथल्या शिक्षकांनी सहा गुणविशेषांचा तक्ता केला. नातीच्या कागदावरची ती सहा नावं त्याच घराण्यातली.

आता आपल्याकडचं. आपल्याकडे कुणी विचारच केला नव्हता असं नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने निबंधवजा उत्तरांमधली मनमानी कमी करा आणि गुणांऐवजी श्रेणी द्या असं सांगितलं होतं. १९५७-५८ मध्ये बेंजामिन ब्लूम स्वतः भारतात आला, शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या, १९५८ साली केंद्रीय परीक्षा विभाग निघाला. आमच्या बी. एड. मध्ये ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य यांचे संविधान तक्ते आम्ही पट्टी लावून आखले ते त्याचंच फळ. पण तो तक्ता प्रश्नपत्रिकेचा होता. उत्तर तपासताना नमुना उत्तरपत्रिका असे, बोर्डाच्या पेपरांना वर नियामक असत. सनावळीला, रिकाम्या जागांना ते ठीक. 'माझे गाव'ला नमुना उत्तर कुठून आणायचं?

तर परत १९८७ च्या जानेवारीत. त्या मुलीने मागितलं होतं ते मी दिलं. फळ्यावर लिहिलं. प्रस्तावना, तीन परिच्छेद, शेवट, प्रमाण भाषा, दोन तरी सुविचार किंवा म्हणी. वार्षिक परीक्षेला तिने 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहिला. आकाशात काळे ढग जमले, मोर नाचू लागला, बळीराजा सुखावला. माणदेशात! एक चूक नाही. मी आठ गुण दिले. ती खूश झाली. मी नाही. गाईडातला निबंध होता तो. चार गुणांच्या निबंधात तिचं गाव होतं, आठ गुणांच्या निबंधात ती कुठेच नव्हती. निकष आधी सांगितले हे बरोबरच केलं, पण मी कुठले निकष सांगितले?

पुढच्या वर्षी मी एक ड्रॉइंगचा कागद घेतला आणि वर्गासमोरच रेघा मारल्या. चार रकाने. काय सांगायचंय, कसं लावलंय, भाषा, आणि चौथ्याचं नाव मुलांनीच दिलं, 'सोताचं काय हाय'. शुद्धलेखनाला दहापैकी दोनच ठेवले. भाषेच्या रकान्यात बोलीला गुण कापायचे नाहीत असं ठरवलं, फक्त वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. त्यावर मुलांची चांगली अर्धा तास वादावादी झाली. एक मुलगा म्हणाला, "बाई, बोर्डाच्या पेपरात चालंल का?" मी म्हटलं, "नाही चालणार." तेव्हा ठरलं, की दोन्ही लिहायला शिकायचं, आणि कुठे कुठलं लिहायचं ते आधी सांगायचं.

हे सगळं छान चाललं असं समजू नका. 'स्वतःचं काय आहे' या रकान्याला तीन गुण आहेत म्हटल्यावर त्या सहामाहीत वर्गातल्या निम्म्या आज्या वारल्या! 'माझी अविस्मरणीय व्यक्ती' या विषयावर प्रत्येकाने आजीला देवाघरी धाडली, कारण त्याने बाईंचे डोळे भरतात हे पोरांनी ओळखलं होतं. रकाना आला की मुलं रकाना भरतात. चौकट कितीही चांगली असली तरी तिला हे लागू आहे.

मग मी तक्ता भिंतीवर ठेवला पण त्यावर फार बोलणं सोडलं. आधीच्या वर्षांचे तीन निबंध नावं न सांगता वाचायचे आणि विचारायचं, यातला पहिला कुठला, का? तेव्हा मला हिलेगासचं नावही ठाऊक नव्हतं. त्या 'का'वरून वर्गात जे बोलणं व्हायचं त्यातून मुलं जास्त शिकली. आणि मी स्वतःला दोन सवयी लावल्या. उत्तरपत्रिकेचं नाव घडी घालून झाकायचं. आणि गठ्ठा संपला की पहिल्या पाच पत्रिका परत काढून, आधीचे गुण न बघता पुन्हा तपासायच्या. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, त्या पाचांत एखादी तरी बदलायचीच.

माझ्यानंतर, २०१० पासून, आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. श्रेणी आल्या, मुलागणिक वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना उत्तमच. पण माझी भाची शिक्षिका आहे, तिच्याकडे मी छापील नोंदींची पुस्तिका पाहिली. त्यातून वाक्यं उतरवायची. चाळीस मुलं आणि ठरावीक वाक्यं. मला माझ्या वर्गातल्या वारलेल्या आज्या आठवल्या. मुलं रकाना भरतात तसे शिक्षकही भरतात, कामाचा बोजा वाढला की जास्तच. आता २०२० च्या धोरणात समग्र प्रगतिपत्रक आहे, मुलाने स्वतःचं मूल्यमापन करावं असंही आहे. बघू.

संध्याकाळी मी नातीला परत फोन केला आणि ती दोन वाक्यं वाचून दाखवली. दिवाळी झाली की आमचं गाव उठून चालाय लागतं. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "आजी, आय सॉ इट! गाव चालताना दिसलं." मी म्हटलं, "तुझ्या बाई आवाज म्हणतात तो हा."

मग तिने विचारलं, "पण तिला किती मिळायला हवे होते?"

एजवर्थच्या रीतीने धरलं तर माझ्या दोन निकालांची सरासरी काढायला हवी. एकदा चार, एकदा दहा म्हणा. सरासरी सात. पण सात मी कधीच दिले नव्हते. मी नातीला खरं ते सांगितलं, की गुणांचं मला अजून ठरवता आलेलं नाही, पण ती दोन कागद घेऊन आली त्या दिवशी 'मी चुकले' एवढं म्हणायला हवं होतं. निकालपत्रक गेलेलं होतं, गुण बदलता आले नसते. म्हणता आलं असतं.

ती मुलगी आता पन्नाशीच्या पुढे असेल. दहावीनंतर तिचं काय झालं ते मला कळलं नाही. माझ्या जुन्या शाळेतलं कुणी हे वाचत असेल आणि त्या हस्तलिखिताची प्रत कपाटात कुठे पडली असेल, तर जरूर कळवा. आणि जे अजून पेपर तपासतात त्यांना एवढंच सांगणं. गठ्ठा संपला की वरचे पाच परत काढून बघा. पंधरा मिनिटं लागतात.

असो. लांबलं खरंच.